अँटिना धरून उभी

।। श्री ।।

पुनर्वसन, कोंढ्याजवळ
ता. २४ नोव्हेंबर

ती. पंचफुलाआत्याबाईस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाले फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीनं माझ्या भल्याचंच झालं. या घरी फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची रीत आहे. सासूबाई भाजी निवडता निवडता दोन्हीकडचं ऐकतात आणि मधातच आपलंही सांगतात. पत्र मात्र कोणी फोडत नाही. तुमचं अक्षर पोस्टमनलेच लागत नाही, तर यायले काय लागन!

धानाचा चुरणा होऊन पोती भरली. हे (तुमचे जावई) राईस मिलमध्ये रोज जाऊन राहिले. सगळे बरे आहेत. आता एक गंमत सांगते, वाचून हसू नका.

आमच्या लग्नानंतरच्या वादळात घरावरची टीव्हीची छत्री उडाली, हे तुम्हाले माहीत आहे. माझ्या सासऱ्यायनं, मामाजीनं, दुसरी छत्री बसवलीच नाही. नागपूरच्या अंगाले सरकारी टॉवर आहे, त्याचं चित्र साध्या अँटिन्यावर येते, असं कोणीतरी त्यायले सांगतलं. मग काय! अँटिना आला, एक लहानसा डबा आला, स्लॅबवर विटा रचून त्यात लांबलचक बांबू उभा झाला. धरणात गेलेल्या जुन्या गावात पहिला टीव्ही मामाजीच्याच घरी होता म्हणे, आणि त्यायच्या अँटिन्याचा बांबू नदीवरून दिसे. इथं सगळी घरं एकासारखी एक. पाहुण्यानं घर विचारलं तर प्लॉट नंबर सांगा लागते. त्यायले तो बांबू पुन्हा हवा होता, मले वाटते.

पण हे नवीन चित्र मोठं हट्टी आहे, आत्याबाई. पहिले कसं, मुंग्या आल्या तरी आवाज यायचा, माणूस अंदाजानं पाहून घे. आता आलं तर घासलेल्या थाळीसारखं लख्ख, आणि गेलं तर चौकोन चौकोन होऊन जागच्या जागी अडकते. बातम्या सांगणारी बाई तोंड वासून तशीच राहते. दोन आठवडे घरच्यायनं बांबू हलवून पाहिला. काही नाही.

मग एक दिवस मी कोहळ्याच्या वड्या काढायले स्लॅबवर गेली. ऊन उतरलं होतं. दमली म्हणून बांबू धरून जराशी उभी राहिली, तर खालून एकच कल्ला, आलं आलं आलं! मी हात सोडला की गेलं. धरला की आलं. सासूबाईनं सगळ्या आळीत सांगतलं की सुनेचा पायगुण आहे.

आता रोज दिवाबत्ती झाली की मी वर. खाली अंगणात जुन्या गावची माणसं जमतात. टेकचंदकाका, केशरबाई, सगळे. यायच्या घरी टीव्ही नाही असं नाही, पण घरी एकट्यानं पाहणं होते, इथं बसणं होते. दंडारीच्या नाचगाण्याचा कार्यक्रम असला की अंगण पुरत नाही. मामाजी खुर्चीवर बसतात आणि कोण कुठं बसन ते सांगतात. लग्नापासून त्यायले इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मले वर चहा येते. हात मात्र भरून येतात, आणि थंडीही पडून राहिली.

गुडघ्याले तेल लावत जाजा. तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची
गुंजन


पवनी
ता. ३० नोव्हेंबर

चि. सौ. गुंजन हिले पंचफुलाआत्याचे पोट भरून आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हसली. तू नको म्हटलं तरी हसली. तुझी माय गेल्यावर तुले मी वाढवली, अंगणवाडीत मांडीवर घेऊन बसवली, बारावी केली, बी.ए. केली, आणि शेवटी तू झाली काय, तर अँटिना! इतकं शिकवून मी एक बांबूच तयार केला म्हणायचा.

हसून झाल्यावर मात्र पत्र परत वाचलं. पोरी, चहा वर येते म्हणते तू. तू खाली कायले येत नाही? अंगणात साऱ्या गावाले जागा आहे आणि घरची सून थंडीत स्लॅबवर, हे काय मले पटलं नाही. तुझ्या जागी दुसरं कोणी उभं राहून पाहिलं की नाही? पायगुण म्हणे! पायगुणानं टीव्ही चालत असता तर मीच पवनीत एखादा टॉवर होऊन उभी राहिली असती.

आणि दुसरं. तुझा कंडक्टरचा बिल्ला कुठं आहे? पेटीच्या तळाशी घातला असशीन तर वर काढ. महामंडळाच्या यादीत तुझं नाव आहे, आज ना उद्या बोलावणं येईन. सोयरीक जमली तेव्हा तुझे मामाजी माझ्या ओसरीत बसून बोलले होते की नोकरीचं आलं तर पोरीले आम्ही अडवणार नाही. मी तेव्हाही बहिरीच होती, पण तेवढं बरोबर ऐकलं. लहानपणी पळसाची पानं फाडून शेजारच्या पोट्ट्यायले तिकिटं वाटत होती तू, आणि पान घेतलं नाही त्याले ओट्यावरून खाली उतरवत होती. ते ध्यानात ठेव.

गुडघा आपल्या जाग्यावर आहे, म्हणजे दुखून राहिला. शाल पांघरत जाय. लवकर लिहिजो.

तुझी
आत्या


पुनर्वसन, कोंढ्याजवळ
ता. ९ डिसेंबर

ती. आत्याबाईस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

तुमची वाणी खरी झाली. परवा बोलावणं आलं. सहा जानेवारीले सकाळी भंडाऱ्याले हजर व्हायचं, ट्रेनिंग तिथंच, मग जो डेपो देतीन तो. त्या दिवशी हजर न झालं तर यादीतल्या पुढच्या नावाले बोलावतीन, असं खाली स्पष्ट लिहिलं आहे. मी तो कागद घेऊन आधी बिल्ला वर काढला आणि मग घरात सांगतलं.

सासूबाई म्हणाल्या की बरं झालं, चांगली गोष्ट आहे, आणि त्याच दमात म्हणाल्या की मग टीव्हीचं कसं. आत्याबाई, मले वाटलं त्या गमतीनं म्हणून राहिल्या. त्या गमतीनं म्हणत नव्हत्या. अंगणात ही बातमी गेली तर तिथंही तेच. केशरबाईनं माझ्या हाताले हात लावून म्हटलं की तू गेली तर आमचं बसणंच मोडन वो माय. सगळे माझ्याशी इतक्या मायेनं बोलले की मले नाही म्हणायले जागाच राहिली नाही.

तुम्ही विचारलं होतं तसं सगळ्यायनं उभं राहून पाहिलं. सासूबाई उभ्या राहिल्या, चित्र नाही. हे उभे राहिले, नाही. टेकचंदकाका तर बांबूले मिठी मारून उभे राहिले आणि वरूनच ओरडून विचारत होते की आलं का, आलं का. नाही आलं. मी गेली, हात लावला, आलं! सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. मले त्या टाळ्यायचा इतका राग आला की काय सांगू. बांबूचा खुंटा केला माझा, आणि खुंट्याचं कौतुक करून राहिले.

मग यायले (तुमच्या जावयाले) मी एकट्याले गाठून विचारलं. हे म्हणाले की मी बाबाले कसं म्हणू, त्यायचा जीव त्या बैठकीत आहे, तू पाहतेच आहे. मी म्हटलं, मी पाहत नाही, मी वर असते. तर मिलच्या पावत्या चाळायले लागले. वाईट नाहीत हे, तुम्हाले माहीत आहे. पण गप्प बसतात.

मामाजी तर नोकरीचा विषयच काढत नाहीत. दिलेल्या शब्दाचं नावच नाही. रोज दिवाबत्तीले फक्त जिन्याकडं पाहतात, आणि मी चढते. माझे पायच चढतात, आत्याबाई. वर गेल्यावर ध्यानात येते की मले कोणी म्हटलंसुद्धा नव्हतं.

काय करू ते लिहा. तुमच्या शब्दाची वाट पाहून राहिली.

तुमची
गुंजन


पवनी
ता. १४ डिसेंबर

चि. गुंजनले आशीर्वाद.

पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की चुलीवर दूध ठेवायची गरज नव्हती. कोंढ्याची बस धरून यावं आणि तो बांबूच उपटून आणावा असं वाटलं. पिशवीही भरली होती. मग विचार केला की मी येऊन भांडली तर उद्या म्हणतीन की आत्यानं पोरगी फोडली, आणि तुझं त्या घरात राहणं कठीण होईन. म्हणून पिशवी परत रिकामी केली.

मले एकच सांग. तू तिथं उभी राहते तेव्हा पाहते कुठं? तू लहान असताना मी तुले दारात उभी केली की तू कधी घराकडं तोंड करून उभी राहिली नाही, सदा रस्त्याकडं. कोणाची बस आली, कोण उतरलं. आता त्या स्लॅबवर संध्याकाळभर तुझे डोळे कुठं असतात, ते मले लिही. बाकी काही नाही, तुझी आठवण आली म्हणून विचारते.

तारीख सहा आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवानं खूण केली.

काळजी करून करून आंधळीही होईन अशी,
तुझी आत्या


पुनर्वसन, कोंढ्याजवळ
ता. २२ डिसेंबर

ती. आत्याबाईस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आठवण आली म्हणून विचारलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मी रस्त्याकडं पाहते. दुसरं कुठं पाहणार? फाट्यावरून पवनी-भंडारा गाडी जाते, तिचे दिवे दिसतात. मी बांबूले खांदा लावून तिकडं झुकून उभी राहते. बाकी सगळे उभे राहिले ते अंगणाकडं तोंड करून, कारण त्यायचं ध्यान खालच्या टीव्हीत होतं! बांबू विटांमध्ये ढिला आहे. मी झुकली की तोही माझ्यासोबत झुकते आणि वरचा अँटिना टॉवरकडं फिरते. एवढंच होतं, आत्याबाई. पायगुण नाही, काही नाही.

मी तशीच खाली गेली, गोठ्यातला दोर आणला, बांबू मी झुकवते तितका झुकवला आणि कठड्याच्या सळाखीले कच्चून बांधला. खाली येऊन पाहते तर चित्र. लख्ख! त्या दिवशी मी पहिल्यांदा अंगणात बसून दंडार पाहिली. केशरबाईनं मले शेजारी सरकून जागा दिली. मले रडू आलं.

जेवताना मी सांगतलं की आता तर माझी गरज नाही, मी सहा तारखेले जाते. आणि ऐका आता. सासूबाई म्हणाल्या की लग्नानंतरची पहिली संक्रांत सासरीच व्हायले पाहिजे. मी म्हटलं, संक्रांतीले एक दिवस येईन. तर म्हणाल्या, मग शेतातली लाखोरी निघायची आहे. मी म्हटलं, मजूर आहेत. तर म्हणाल्या, बाईमाणसानं गाडीत परक्या लोकायच्या गर्दीत उभं राहायचं, बरं दिसते का. हे म्हणाले, पाहू. म्हणजे टीव्हीचं निमित्त होतं. एक सोडवलं की यायच्याजवळ दुसरं तयार आहे.

पुढचं लिहायले हात धजत नाही, पण तुम्हाले नाही तर कोणाले सांगू. परवा दुपारी कपडे आणायले वर गेली, तर मामाजी दोर सोडून राहिले होते. मले पाहून लाजले नाहीत. गाठ सुटली, तसे कठड्यावर बसले. म्हणाले की जुनं गाव पाण्यात गेलं तेव्हा सगळे सोबत निघाले, एका ट्रॅक्टरवर चार घरचं सामान. दुःख झालं, पण सोबत झालं. हे नवीन गाव मात्र एकेक करून रिकामं होऊन राहिलं. टेकचंदचा पोरगा गेला, केशरबाईची दोन्ही पोरं गेली. आता तू जाशीन, मग माझा निकेश तुझ्या मागं भंडाऱ्याले खोली करन, आणि मी आणि ही म्हातारी या प्लॉटवर नंबर राखत बसू. इतकं बोलले आणि दोर घेऊन खाली गेले.

मले राग आला असता तर किती बरं झालं असतं. मले त्यायची दया आली. घरात दुसरा दोर होता, मी तो बांधला नाही. संध्याकाळी जिना चढली आणि बांबूले खांदा लावून उभी राहिली. खालून आवाज आला, आलं आलं. आत्याबाई, जबरदस्तीनं अडकवलं असतं तर मी सुटली असती. दयेतून कसं सुटायचं ते तुम्ही मले शिकवलं नाही.

तुमची
गुंजन


पवनी
ता. २७ डिसेंबर

चि. गुंजनले आशीर्वाद.

तुझे मामाजी वाईट माणूस नाहीत. मले त्यायचं पटलंसुद्धा. मी पण एकटीच राहते, एकटेपण काय असते ते मले सांगायची गरज नाही. तुझं लग्न करून दिलं त्या दिवशी मलेही तुले कुठंतरी बांधून ठेवावं वाटलं होतं. पण मी बांधली नाही, तेवढाच काय तो फरक.

दया खुशाल कर. बसमध्ये बसून कर. महिन्याच्या महिन्याले घरी जाऊन कर, सासूच्या पायाले तेल लावून कर. स्लॅबवर उभी राहून करू नको. आज तू दयेनं राहिली, तर पाच वर्षांनी त्याच म्हाताऱ्याले तू शिव्या देशीन, मनातल्या मनात, रोज, पोळी वाढता वाढता. मी असे घर पाहिले आहेत. तिथं कोणी कोणाले मारत नाही, पण कोणी कोणाकडं पाहतही नाही.

आणि एक ऐक. तू सगळ्यायशी एकेकटं बोलून राहिली. स्वयंपाकघरात सासूशी, खोलीत नवऱ्याशी, स्लॅबवर सासऱ्याशी. असं बोललेलं तिथंच विरते. तुझ्या अंगणात रोज सारं गाव बसते. त्यायच्यासमोर बोल. मी बहिरी आहो, तू मुकी नाही.

मी येणार नाही. माझा जीव येतो म्हणते, पण मी येणार नाही. हे तुलेच करायचं आहे, पोरी.

तुझ्यावर रागावलेली नाही, नुसती घाबरलेली,
तुझी आत्या


भंडारा
ता. ९ जानेवारी

ती. आत्याबाईस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

पोचली. हे आधी लिहिते, कारण तुम्ही पहिली ओळ वाचून चष्मा काढून डोळे पुसता आणि बाकीचं पत्र दुसऱ्या दिवशी वाचता. आता चष्मा लावा.

तुमचं पत्र वाचून तीन-चार दिवस नुसती घाबरत होती. रोज ठरवलं की आज बोलीन आणि रोज नुसती उभी राहून खाली आली. शेवटी पाच तारीख आली, रविवार. दंडारीचा मोठा कार्यक्रम होता. अंगण भरलं होतं, बाया चुलीपर्यंत बसल्या होत्या. मी बांबू धरून वर उभी. नाच ऐन रंगात आला तेव्हा मी हात सोडला. खाली टीव्हीत नाचणारा एक पाय वर करून तसाच अडकला.

आधी आरडाओरड झाली. मग सगळ्यायनं माना वर केल्या. इतके चेहरे एकाच वेळी माझ्याकडं पाहून राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. सासूबाई म्हणाल्या की आधी बांबू धर. मी म्हटलं की धरते, पण बोलून झाल्यावर. मग सांगतलं. उद्या माझी हजर व्हायची तारीख आहे, उद्या गेली नाही तर नोकरी दुसऱ्याची होईन. सोयरिकीच्या वेळी मामाजीनं मले पाठवायचा शब्द दिला होता. मी सकाळच्या गाडीनं जाते. कोणाले नाही म्हणायचं असन तर इथं, सगळ्यायसमोर म्हणा, मागून नाही. अँटिन्याचंही सांगून टाकलं, की बांबू रस्त्याकडं झुकवून बांधा, माझ्या पायात काही नाही.

मग टेकचंदकाकानं मामाजीले विचारलं की दादाजी, शब्द दिला होता हे खरं काय. मामाजीनं आधी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला. मग हाव, खरं आहे म्हणाले. एवढंच. मी बांबू परत धरला आणि कार्यक्रम संपेपर्यंत धरून उभी राहिली, कारण मी तसं म्हटलं होतं. त्या दिवशी खालून आलं म्हणून कोणी ओरडलं नाही.

सकाळी सासूबाईनं चुलीजवळ फडक्यात पोळ्या आणि लाखोरीची भाजी बांधून ठेवली होती. मी पाया पडली तर मान फिरवली, आणि डोक्यावर हात ठेवला. तुमच्या जावयायनं मोटरसायकल काढली होती. मामाजीनं यायच्या हातातून माझी पिशवी घेतली आणि पायीच निघाले. मी मागं. फाट्यापर्यंत तसेच चाललो. धुकं होतं, ते पुढं आणि मी मागं, आणि मले सारखं वाटत होतं की आता हे थांबतीन आणि परत चाल म्हणतीन. म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ते मले आजही माहीत नाही.

गाडी आली. मामाजी माझ्याआधी चढले. पिशवी वर ठेवली, खिडकीची जागा पाहून मले बसवलं. कंडक्टर बाईच होती. तिच्याकडं ते जरा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की माझ्या सुनेले भंडाऱ्याचं जाण्यायेण्याचं तिकीट द्या. ती हसून म्हणाली की बाबा, असं जाण्यायेण्याचं नसते, ज्याले यायचं त्यानं येताना काढायचं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सगळी गाडी पाहून राहिली. मामाजी दांडा धरून तसेच उभे होते. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण त्यायच्याकडं पाहवत नव्हतं. मग ते त्या बाईले म्हणाले, मग नुसतं जायचंच द्या, आणि खाली उतरले.

तुमच्या गुडघ्याले आणि स्वतःले जपा, आणि मले लिहीत राहा.

तुमचीच
गुंजन